शिंग आणि कोंबड्या

२९ मे १९८८

दादा नाही म्हणाला!

नाही म्हणण्याआधी त्याने पान लावलं, चुना नीट पसरला, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. निकाल अख्ख्या आळीला ऐकू जायला हवा ना. "ज्या घराला शिंग नाही, त्या घराला मूळ नाही. मूळ नसलेल्या घरातला मुलगा आपल्या घरात जावई म्हणून येणार नाही." मग पायऱ्या उतरला आणि मशिदीकडे चालता झाला. माझी देस्मा आत तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

देस्माचे वडील असते तरी काही फरक पडला नसता. मुलीच्या लग्नात बापाला विचारतो कोण? आमच्यात घर बायकांकडून चालतं, जावई राहायला येतो; मामाने मान हलवली तर लग्न. आणि हा मामा म्हणजे माझा सख्खा भाऊ जमहूर — घराण्याचं बिरुद मिळाल्यापासून 'देपाती तुओ बुंगो'. लहानपणी पेरूच्या झाडावर चढून उतरता येईना म्हणून भोकाड पसरायचा, तोच हा.

३० मे

मुलाबद्दल लिहून ठेवते, पुढे मलाच शंका यायला नको. आरदिनाल. नदीपलीकडच्या आळीतला. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. पत्ते नाहीत, उधळपट्टी नाही, आईला पाणी भरून देतो. दर गुरुवारी दादाच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतो. तेव्हा दादा निमूट हात पुढे करतो. तेव्हा मूळ आठवत नाही!

पलीकडच्यांकडे शिंग नाही हे खरं. आमच्याकडे आहे. रेड्याचं, हातभर लांब, जुन्या लिपीत कोरलेलं. माळ्यावर टोपलीत, पिवळ्या कापडात असतं. कापणीनंतर मोठी मेजवानी ठरली की खाली उतरतं. दादा ते हातात धरून पूर्वजांची वंशावळ वाचतो आणि शेवटी एक वाक्य येतं — 'नदीपलीकडे नातं जोडू नये.' पलीकडच्या लोकांनाही मेजवानीचं बोलावणं असतं. ते जिन्याखाली बसतात. तिथेही सगळं स्वच्छ ऐकू येतं.

३१ मे

देस्मा सकाळी केस विंचरता विंचरता म्हणाली, "आई, मामाला ती लिपी कुठे येते?"

मी चपापलेच. येत नाही. कोणालाच येत नाही. वाचता येणारा शेवटचा माणूस माझ्या आजीच्या लहानपणी वारला. दादाने सगळं मोठ्या मामांकडून पाठ केलंय, मोठ्या मामांनी त्यांच्या मामांकडून. इतकी वर्षं मी समोर बसून ऐकतेय. वर्गात पोराने उत्तर पाठ करून आणलं तर मला एका वाक्यात कळतं. इथे कधी डोक्यातच आलं नाही.

४ जून

दालचिनी वाळवायच्या अंगणात सगळी आळी जमली होती. मी दादाला विचारलं, "ते पलीकडे नातं जोडू नये — शिंगावर ते कुठे आहे रे?"

"शेवटी."

"दाखवशील?"

"तूच वाच की!" सगळ्यांकडे बघत म्हणाला. "गणिताची बाई आहेस. वाचून दाखव. ते वाक्य तिथे नसेल तर मी स्वतः त्या पोराला हाताला धरून घरात आणीन."

लोक हसले. मीही हसले. आणि म्हणाले, "बरं."

ऐकणारे पुष्कळ होते. आता त्याला मागे फिरता येणार नाही. मलाही!

६ जून

लिपी लांबच राहिली, आधी शिंग खाली येईना. ते उतरवण्याचा हक्क घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईचा. म्हणजे आईचा. पुरुषांनी शिडीला हातही लावायचा नाही. आईचं वय पंच्याऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, पण रीत तोंडपाठ.

"कोंबडी कापल्याशिवाय तो खाली येत नाही," आई म्हणाली. शिंगाला ती 'तो'च म्हणते.

"एकदाच ना?"

"दर वेळी."

८ जून

पहिली कोंबडी. बांग देणारे तार्मिझीकाका कापायला आले. विचारत होते, "मेजवानी लांब आहे, आज काय विशेष?" मी म्हटलं, "धुवायचंय." ते मान, पाय आणि थोडा संशय घेऊन गेले.

देस्मा शिडी चढली, खालून आईच्या सूचना. शिंगाशेजारी माळ्यावर एक बांबूचं नळकांडंही आहे, काळं झालेलं. त्यावरही काहीतरी खरवडलेलं आहे. त्याला कधी कोणी खाली आणत नाही, कोणी त्याचं नावही काढत नाही. त्यात गांधीलमाश्या राहतात.

शिंग खाली आलं. आईने ते नेहमीच्या जागी ठेवलं — दाराशेजारी, नदीच्या बाजूला, चटईवर. समोर पानाचं तबक. कवो, म्हणजे कॉफीच्या पानांचा काढा, करवंटीत ओतून आधी त्याला, मग आम्हाला. वर पुटपुटली, "बसा थोडं, घर होईल." दर वेळी हेच म्हणते. तिची आई म्हणायची, म्हणून तीही म्हणते.

मग लिंबाचं पाणी घेऊन धुवायला बसली! मी तिच्या हातातून वाटी काढून घेतली. शिंगावरचा मधला पट्टा नुसता गुळगुळीत झालाय. इतक्या पिढ्या लिंबाने धुतल्यावर दुसरं काय होणार! आई रुसली. "आंघोळीशिवाय ठेवतेस त्याला? लाज वाटत नाही?"

मी पातळ कागद गुंडाळून त्यावर पेन्सिल घासली. अक्षरं उमटली. सगळी तिरपी, टोकदार, काट्यासारखी. मला हात लावताना भीती वाटली. इतकी वर्षं मीही मान खाली घालूनच बसत होते.

कोंबडीचा रस्सा चांगला झाला होता.

१३ जून

इतिहासाच्या मास्तरांनी जांबी शहरातल्या संग्रहालयातून अक्षरांचे दोन तक्ते आणून दिले. दोन्हींत निम्मी अक्षरं जुळत नाहीत. मास्तर म्हणाले, "एक तरी बरोबर असेलच." मी म्हटलं, "दोन्ही चूक असू शकतात." मास्तरांना ते नवीन होतं.

१९ जून

रुंद टोकाकडून वाचायला लागले. दादा धरतो तसंच धरलं — रुंद टोक डावीकडे. पहिल्या तक्त्याप्रमाणे पहिला शब्द आला — 'तबंगकुलत'. असा शब्द नाही. दुसऱ्याप्रमाणे — 'सपंगनुजम'. हाही नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "शिव्या घरात द्यायच्या नाहीत."

२४ जून

दुसरी कोंबडी. तिसऱ्या ओळीत एक अक्षर कागदावर पुसट आलं होतं, ते बघायचं होतं. बघितलं. ते अक्षर नव्हतं. किड्याने खाल्लेलं होतं.

३ जुलै

अजून एक कोंबडी. तार्मिझीकाका म्हणाले, "काय ते एकदाच सांगून टाका. सुंता आहे की नवस?" शेजारीपाजारी आम्हाला घबाड मिळालंय अशी चर्चा आहे. कोंबड्या कमी झाल्यात आणि आम्ही जाड झालोय. देस्माने आज नुसता भात आणि मिरची खाल्ली. रस्सा आता बघवतही नाही म्हणते.

अर्थ शून्य. दादा अंगणात भेटला. "वाचून झालं का बाई?"  राग आला. खूप. त्याहून जास्त देस्माकडे बघून वाईट वाटलं. ती आता मला विचारतही नाही. रोज टपाल कचेरीत कामाला जाते, येते, तांदूळ निवडते. आरदिनाल नदीच्या त्या काठावर सायकल उभी करून पाण्यात खडे टाकतो. आम्हाला दिसेल अशा जागी.

७ जुलै

सापडलं!

मी जेवणाच्या मेजावर कागद पसरून बसले होते, देस्मा समोर येऊन बसली. थोडा वेळ बघत राहिली. म्हणाली, "आई, हे अक्षर तक्त्यात आहे तसंच आहे की. तू म्हणतेस नाहीये."

"कुठलं?"

"हे. आणि हेही. आणि हे तर हुबेहूब."

तिच्या बाजूने. ती समोर बसली होती ना! मी उठून तिच्या बाजूला गेले. सगळी काटेरी अक्षरं एकदम सरळ झाली. पहिल्या तक्त्याशी जवळपास सगळी जुळली.

आम्ही शिंग उलटं धरत होतो. निमुळतं टोक डावीकडे हवं.

मग माझ्या लक्षात आलं. दादा मेजवानीत ते उलटंच धरतो. डोळे डावीकडून उजवीकडे फिरवतो, मधेच थांबतो, जणू अक्षर लागत नाही. मोठे मामाही असेच थांबायचे. पिढ्यान्‌पिढ्या सगळे उलटं धरून अडखळत आले! मी आणि देस्मा इतक्या हसलो की आईला वाटलं कोणी पडलं.

१० जुलै

सुरुवात — 'हे लिहिणं...' स्वर अर्धे लिहिलेलेच नाहीत, ते आपण भरायचे. पण एक तीन अक्षरांचा गट पुन्हा पुन्हा येतो, ठरावीक अंतराने. वंशावळीत पुन्हा पुन्हा काय येणार? अमक्याचं मूल तमका, तमक्याचं मूल फलाणा. तो शब्द 'मूल'. ठेवून बघितला — बसला! एकदा तो बसल्यावर पुढचं पोरांच्या बेरजांसारखं झालं. नावं सुटत गेली.

आता फक्त ते वाक्य शोधायचं. नसावं, अल्लाकडे एवढंच मागणं आहे.

१५ जुलै

शेवटपर्यंत वाचलं. नातं जोडू नये असं वाक्य कुठेही नाही. नाहीच!

पण आनंद करता आला नाही. दादा जी नावं म्हणतो त्यांतलं एकही शिंगावर नाही. आमचं बिरुदही नाही. तुओ बुंगो — सगळी अक्षरं शोधली, नाही. शेवटच्या नावापुढे दुसरंच बिरुद आहे, तीन वेळा आलंय, एकदाही पुसट नाही. 'देपाती पुतिह अलम'.

ते पलीकडच्या आळीचं बिरुद आहे. आज आरदिनालच्या घराण्यातल्या मरजोहानकाकांकडे आहे. तेच मरजोहानकाका, जे मेजवानीला जिन्याखाली बसतात.

१६ जुलै

परत तपासायचं म्हणून कोंबडी. तीच अक्षरं.

आज शाळेत एका पोराचं बरोबर उत्तर मी चूक म्हणून खोडलं. पोराने वही परत आणून दाखवली. माफी मागितली.

२० जुलै

कोणाला सांगू? सांगितलं तर आमच्या घराचं शिंग जातं. दादाचं बिरुद शिंगावर उभं आहे. तो हट्टी आहे, पण आमच्या आजारपणात हाच आम्हाला पाठीवर घेऊन डोंगर उतरलाय. न सांगितलं तर पलीकडचे जिन्याखालीच बसणार, आणि देस्मा तांदूळ निवडत.

नुसतं 'ते वाक्य नाही' एवढंच सांगता येईल. बाकीचं गिळायचं. सकाळपासून तसंच ठरवलंय. दुपारपर्यंत टिकलं.

२२ जुलै

आईला सांगितलं. मोठ्याने, कानाशी. तिने सुपारी फोडायची थांबवली. 

"पलीकडे आग लागली होती म्हणे," ती म्हणाली. "माझ्या आजीच्या आईच्या वेळेला. सगळी घरं गेली त्यांची. तेव्हा माणसं सामान घेऊन इकडे आली होती."

मी तिच्याकडे बघत राहिले. मग दाराशेजारच्या त्या चटईकडे. आमच्या स्वतःच्या पूर्वजांच्या वस्तू — खंजीर, जुना डगला — मेजवानीत खोलीच्या आतल्या अंगाला, मधल्या खांबाशी मांडतात. फक्त शिंग दारापाशी. पाहुण्याच्या चटईवर. पाहुण्याचं तबक. काढा आधी त्याला. बसा थोडं, घर होईल.

आमच्या बायकांनी रीत एवढी चोख सांभाळली, आणि ती कशासाठी हे एकीलाही आठवलं नाही!

आईने विचारलं, "मग झालं का त्यांचं घर?"

"कधीच झालं आई. पत्र्याचं छप्परसुद्धा आहे."

"मग त्याला अजून का ठेवून घेतलंय?"

 मला रडू आलं. आईने अर्धी सुपारी माझ्या हातावर ठेवली.

२६ जुलै

कुर्बानीच्या मटणाने घर भरलंय. बोकडाचं मटण! देस्मा दोनदा जेवली.

दादाला सांगितलं. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, "तक्ता चुकीचा असेल." मी म्हटलं नाही. तो म्हणाला, "ते वाक्य लिंबाने पुसलेल्या जागी होतं." मी म्हटलं, "तुला कसं माहीत?" तो म्हणाला, "तिथे नव्हतं हे तुला कसं माहीत?" मग म्हणाला, "तू शाळेत भागाकार शिकव." तेव्हा माझा तोल गेला. म्हटलं, "तू ते उलटं धरतोस! आयुष्यभर उलटं धरलंस!"

बाहेर ओसरीवर माणसं होती. त्यांनी अक्षर न अक्षर ऐकलं.

दादा टोपी विसरून गेला.

२८ जुलै

गुरुवार. आरदिनाल रक्तदाब मोजायला गेला. दादाने हात पुढे केला, पण तोंड भिंतीकडे. आरदिनालने देस्माला कळवलंय — खूप वाढलाय, मीठ बंद. देस्मा म्हणाली, "आई, नको. मामाला काही झालं तर मला लग्नच नको."

मला स्वतःची लाज वाटली. खरं असलं तरी माणसांसमोर बोलायला नको होतं.

५ ऑगस्ट

दादा येत नाही, बोलत नाही. आळीत दोन तट. एक म्हणतो बाईचं डोकं फिरलंय, दुसरा म्हणतो फिरलंय पण बघायला हवं. तार्मिझीकाका दोन्हीकडे जेवतात.

मेजवानी ऑगस्टच्या अखेरीला ठरलीय. आईने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मी शिडी देणार नाही. तो त्याच्या घरी जायला खाली येईल, नाही तर येणारच नाही." कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही.

१४ ऑगस्ट

दादा आला. काखेत कोंबडी.

 कोंबडी तार्मिझीकाकांच्या हातात दिली आणि आईसमोर मांडी घालून बसला. आईने देस्माला खूण केली. देस्मा शिडी चढली.

शिंग चटईवर आलं. दादाने ते उचललं — रुंद टोक डावीकडे, सवयीने — थबकला, आणि फिरवलं. मग माझ्याकडे सरकवलं. "कुठे आहे?"

मी त्याचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. पु. ति. ह. त्याच्या बोटाला दालचिनीच्या सुरीचे कापे आहेत. बोट हळूहळू फिरवत होता. दुसऱ्यांदा तेच बिरुद आलं तेव्हा त्याने स्वतःच ओळखलं, मी काही बोलायच्या आधी. तिसऱ्यांदाही.

"मोठ्या मामांनीही उलटंच धरलं होतं?"

"हो."

"त्यांना माहीत होतं?"

"नसावं."

"मलाही नव्हतं," तो म्हणाला. "मी कधी मुद्दाम खोटं वाचलं नाही, नीदा."

मला माहीत आहे म्हटलं. मग आम्ही जेवलो. त्याने मीठ मागितलं, देस्माने दिलं नाही.

२२ ऑगस्ट

दादा रोज शाळा सुटल्यावर येतो. कागदावरून वाचायला शिकतोय. वर्गातल्या पोरांपेक्षा हळू, पण चुकला की स्वतःच कान धरतो. कागद असल्यामुळे कोंबडी लागत नाही. देस्मा त्याला कवो करून देते. आज तो तिला म्हणाला, "तो पोरगा पट्टा फार घट्ट बांधतो." देस्मा म्हणाली, "सांगते त्याला." एवढंच. पण मला बरं वाटलं.

२८ ऑगस्ट

मेजवानी. अंगावर काटा अजून आहे, हात दुखेपर्यंत लिहिणार आहे.

बांबूतला भात शेकून झाला, माणसं बसली. आमची वर, पलीकडची जिन्याखाली, नेहमीसारखी. मरजोहानकाका खांबाला टेकून. ते येतात, मान खाली घालून बसतात, जेवतात आणि जातात. असंच बघत आलेय.

दादा उभा राहिला. काळा डगला, डोक्याला फेटा. शिंग हातात घेतलं. टोक डावीकडे! आमच्या म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. दादाने कुजबुज थांबेपर्यंत वाट बघितली. मग त्याच्या त्या मेजवानीच्या आवाजात सुरुवात केली.

नावं वेगळी होती. पहिलं, दुसरं. आमच्यातले लोक एकमेकांकडे बघायला लागले. तो अडखळला — या वेळी खराच — आणि परत सावरला. 'त्याचं मूल... त्याचं मूल...' आणि मग आलं. "देपाती पुतिह अलम."

जिन्याखाली मरजोहानकाकांनी मान वर केली.

दादाने शेवटपर्यंत वाचलं. लिंबाने पुसलेली जागा आली तिथे थांबून म्हणाला, "इथलं गेलंय. ते आम्ही घालवलं. माफ करा." मग शिंग दोन्ही हातांनी छातीशी धरून म्हणाला, "हे आमचे नाहीत. हे आमच्याकडे राहायला आले होते. वर या."

कोणी हललं नाही. तो परत म्हणाला, "मरजोहानकाका, वर या. मला जिना उतरायला लावू नका, माझा रक्तदाब वाढतो."

ते वर आले. चपला कुठे काढाव्यात कळेना त्यांना. आमच्या जिन्यावर कधी चढलेच नव्हते. आई उठली, त्यांना दारापाशी नाही, मधल्या खांबाशी बसवलं. कवोची पहिली करवंटी त्यांच्या हातात दिली. 

मी रडले. सगळ्यांसमोर, नाक ओढत. दादाने बघितलं आणि मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

४ सप्टेंबर

शिंग गेलं. पिवळ्या छत्रीखाली, ढोल, दोन्ही आळ्यांतली माणसं, नदीच्या झुलत्या पुलावरून एकेक करून. आई पुलापर्यंत आली. शिंगाला म्हणाली, "जा बाबा. सांभाळून राहा." पलीकडच्या बायकांनी ते घेतलं आणि हंबरडा फोडला.

घरी आल्यावर दाराशेजारची चटई गुंडाळायची होती. आईने गुंडाळू दिली नाही.

९ सप्टेंबर

दादाने मान हलवली! जिन्याच्या वरच्या पायरीवर, पान लावून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात — "आता त्यांच्याकडे शिंग आहे, म्हणजे मूळ आहे. येऊ दे मुलगा." देस्माने मामाचा हात कपाळाला लावला. तांदळाचं सूप कोपऱ्यात उभं करून ठेवलंय. पलीकडे निरोप गेला.

मी दोन गाद्या उन्हात टाकल्या. तार्मिझीकाकांनी बोकडाची चौकशी केली.

२१ सप्टेंबर

उत्तर आलं. मरजोहानकाका स्वतः आले, नवी टोपी घालून. जिना चढले, वरच्या पायरीवर उभे राहिले, पान लावलं, चुना नीट पसरला. "ज्या घराला शिंग नाही, त्या घराला मूळ नाही. आमचा मुलगा अशा घरात जावई म्हणून जाणार नाही." आणि उतरून गेले.

दादाने जिन्याखाली वाकून बघितलं. मग म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं."

देस्मा उठली. मला वाटलं सूप घ्यायला. तिने शिडी आणली आणि माळ्याला लावली. अक्षरं खरवडलेलं ते बांबूचं नळकांडं अजून वरच आहे. कोणाचं आहे, अल्ला जाणे.

मी कोंबडी धरायला परसात गेले.